एसीसी कॉलेज बास्केटबॉल २०२३-२४ : सोबत बघूया (एनसी स्टेटवाले आणि शेजारीपाजारी सगळे या)

मॉरिसव्हिलकर | ११ जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी, क्रिकेटचे धागे दर आठवड्याला निघतात, पण कॉलेज बास्केटबॉलवर इथे कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॉली, केरी, मॉरिसव्हिल, डरहम या पट्ट्यात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यातली निम्मी तरी कधी ना कधी एनसी स्टेटला (रॉलीतली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी) शिकलेली, म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करू.

मी २००४ ला एमएस करायला रॉलीत आलो. पहिल्याच थंडीत रूममेटने लाल टीशर्ट अंगावर फेकला आणि म्हणाला चल, आज मॅच आहे, प्रश्न विचारू नकोस. तेव्हापासून जानेवारी ते मार्च माझं कॅलेंडर एसीसीच्या वेळापत्रकावर चालतं. वीस वर्षं होत आली आणि या वीस वर्षांत आमच्या टीमने एकदाही कॉन्फरन्स जिंकलेली नाही, शेवटची जिंकली ती १९८७ ला, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, १९५३ पासूनचा. यंदा १५ कॉलेजं आहेत, प्रत्येकजण २० साखळी सामने खेळतो आणि मग मार्चमध्ये बाद फेरीची टूर्नामेंट. पण आमच्यासाठी खरी गोष्ट ही की ड्यूक डरहममध्ये, नॉर्थ कॅरोलायना (ही वेगळी युनिव्हर्सिटी) चॅपल हिलमध्ये आणि आम्ही रॉलीत, तिघं गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात. माझ्या शेजारच्या घरावर नॉर्थ कॅरोलायनाचा फिकट निळा झेंडा, ऑफिसात समोर बसतो तो ड्यूकच्या गडद निळ्याचा, आणि मी लाल. काल नॉर्थ कॅरोलायनाने आम्हाला आमच्याच कोर्टवर हरवलं आणि आज सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजाऱ्याची गाठ पडली. तो काही बोलला नाही, नुसता हात केला, ते जास्त लागलं.

नागपुरी_संत्रं | ११ जानेवारी २०२४

अरे वा, मस्त धागा. मी शाळेत असताना नागपूरला आंतरशालेय बास्केटबॉल खेळलोय, सिमेंटचं कोर्ट, मे महिन्यात बूट चिकटायचे. एनबीए बघतो पण कॉलेजचं कधी कळलं नाही. एक शंका, हे कॉन्फरन्स म्हणजे आपल्या रणजीच्या गटासारखं का? आणि साखळीत पहिला आलेला चॅम्पियन की टूर्नामेंट जिंकलेला?

मॉरिसव्हिलकर | ११ जानेवारी २०२४

रणजीचे गट बदलतात रे, कॉन्फरन्स म्हणजे भाऊबंदकी आहे, तीच माणसं वर्षानुवर्षं समोर. चॅम्पियन म्हणून नाव लागतं टूर्नामेंट जिंकणाऱ्याचं. साखळीत पहिल्या नंबरला मान आहे, पण राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो तो टूर्नामेंट जिंकणाऱ्याला. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ टीम, त्यात ३२ कॉन्फरन्सचे ३२ विजेते थेट आणि उरलेल्या ३६ कमिटी निवडते.

आणि याच्यामागे आमचीच एक गोष्ट आहे. १९७४ पर्यंत कॉन्फरन्समधून एकच टीम पुढे जायची. त्या वर्षी फायनलला एनसी स्टेट आणि मेरीलँड, दोघं देशातल्या पहिल्या चार-पाचात, ओव्हरटाईममध्ये १०३-१०० असे आम्ही जिंकलो आणि मेरीलँडसारखी टीम घरी बसली. आम्ही पुढे राष्ट्रीय विजेते झालो, डेव्हिड थॉम्पसनची टीम ती. पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ टीमची केली आणि एका कॉन्फरन्समधून एकापेक्षा जास्त टीमना वाट मोकळी झाली. मेरीलँडवाले अजून त्या सामन्याचं नाव काढलं की गप्प होतात.

आकाशी | १२ जानेवारी २०२४

मी चॅपल हिलची, त्यामुळे धाग्यात शत्रुपक्ष म्हणून हजेरी लावते :) दादा, तुमच्या शेजाऱ्याच्या जागी मी असते तर मीही हातच केला असता, खरंच. आमच्याकडे या वर्षी आर. जे. डेव्हिस असा खेळतोय की मी बाळाला झोपवताना फोन म्यूट करून बघते. पण एक मान्य करते, टूर्नामेंट जिंकल्यावर बास्केटची जाळी कापायची जी पद्धत आहे ती इथे आणली तुमच्या कोच एव्हरेट केसने, १९४७ मध्ये. प्रत्येक टीम मार्चमध्ये शिडीवर चढून जे करते ते तुमच्या घरातलं आहे.

सदाशिवपेठ_काकू | २० जानेवारी २०२४

मी पुण्याहून लिहितेय. माझा मुलगा ऑगस्टमध्ये एनसी स्टेटला गेला. फोनवर पहिले तीन महिने नुसतं जेवलास का, झोपलास का एवढंच बोलणं व्हायचं, आता डिसेंबरपासून तो सारखं बर्न्स बर्न्स करतो. हा बर्न्स कोण? मुलाशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून विचारतेय, मला खेळातलं काही कळत नाही.

मॉरिसव्हिलकर | २० जानेवारी २०२४

काकू, या या, अगदी योग्य धाग्यावर आलात. डी. जे. बर्न्स म्हणजे आमचा सेंटर, सहा फूट नऊ इंच, वजन पावणेतीनशे पौंड, म्हणजे सव्वाशे किलो धरा. आधी विन्थ्रॉप नावाच्या छोट्या कॉलेजात होता, तिथून आला. एवढा धिप्पाड पण पाय नाचणाऱ्यासारखे. बास्केटकडे पाठ करून उभा राहतो, खांद्याने हळूहळू ढकलत आत जातो, सगळ्यांना वाटतं आता जोर लावणार आणि हा डाव्या हाताने अलगद चेंडू सोडतो, पानावर तूप वाढल्यासारखा. आणि त्याला अडवायला दोघं आले की तिसऱ्याला पास देतो. मुलाला म्हणा, दोघं आले की बर्न्सचे डोळे बघ.

सदाशिवपेठ_काकू | २१ जानेवारी २०२४

सांगितलं. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला आई तुला हे कुणी सांगितलं. मग पाऊण तास बोलला.

मॉरिसव्हिलकर | १० मार्च २०२४

बरेच दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. सलग चार हरलो. फ्लोरिडा स्टेट, मग चॅपल हिल, मग सोमवारी ड्यूक घरी येऊन ७९-६४ ने हरवून गेले, आणि काल पिट्सबर्ग. एकूण १७-१४ (जिंकले-हरले), कॉन्फरन्समध्ये ९-११, दहावा नंबर. नॉर्थ कॅरोलायना १७-३ ने पहिले, ड्यूक १५-५.

दहावा नंबर म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या चारांना टूर्नामेंटमध्ये दोन दिवस सुट्टी, पाच ते नऊला एक दिवस, आणि दहा ते पंधरा यांनी मंगळवारपासून खेळायचं. म्हणजे जिंकायचं असेल तर पाच दिवसांत पाच सामने. एसीसीत हे आजवर कुणी केलेलं नाही. कमिटी आम्हाला घेणार नाही हे पक्कं, मोठ्या टीमना, त्यातही परगावी जाऊन, हरवलेले सामने लागतात आणि ते आमच्याकडे पुरेसे नाहीत. रेडिओवर, ऑफिसात, सगळीकडे कोच केव्हिन कीट्सच्या नोकरीची चर्चा.

ड्यूकच्या मॅचला मुलाला घेऊन गेलो होतो, दहा वर्षांचा आहे. शेवटची चार मिनिटं आमच्या आजूबाजूच्या रांगा रिकाम्या झाल्या, तो म्हणाला बाबा आपण पण जाऊया का. मी म्हटलं नाही, भोंगा वाजेपर्यंत बसायचं, ही पोरं अजून पळतायत ना. त्याला पटलं नाही, पण बसला.

बेकरीवाला | १० मार्च २०२४

मी शार्लटला असतो. स्पष्ट सांगतो, हा कोच बदलायला हवा, सात वर्षं झाली. डी. जे. हॉर्न चांगला आहे, रॉलीतच वाढलेला पोरगा परत घरी खेळायला आला, पण फेब्रुवारीत बचाव करायचंच सोडून दिलं सगळ्यांनी. मंगळवारी लुईव्हिलला हरवतील, बुधवारी घरी.

आकाशी | १३ मार्च २०२४

मंगळवार जिंकलात, ९४-८५. बुधवारी पण सिराक्यूसला ८३-६५! दादा कुठे आहात?

मॉरिसव्हिलकर | १४ मार्च २०२४, रात्री उशिरा

ड्यूकला हरवलं!!! ७४-६९!!! दहा दिवसांपूर्वी ज्यांनी घरी येऊन पंधराने हरवलं त्यांनाच!! ऑफिसातल्या मित्राचा स्वतःहून मेसेज आला, अभिनंदन, बर्न्सला थांबवता येत नाही म्हणून. मुलगा सोफ्यावर उभा आहे, उद्या शाळा आहे, बायको काही बोलत नाहीये कारण तीही उभी आहे.

सदाशिवपेठ_काकू | १५ मार्च २०२४

पहाटे साडेचारचा गजर लावून मीही मुलाबरोबर व्हिडिओ कॉलवर होते, तो त्याच्या रूममधला टीव्ही मला दाखवत होता, चित्र हलत होतं पण कळत होतं. एक विचारते, तो उंच सडपातळ मुलगा डियारा, त्याचे रोजे चालू आहेत असं मुलगा म्हणाला, खरं का? म्हणजे दिवसभर पाणीसुद्धा नाही?

मॉरिसव्हिलकर | १५ मार्च २०२४

खरं आहे काकू. मोहम्मद डियारा, फ्रान्सचा. रमझानचे रोजे या सोमवारपासून लागले, मॅचच्या दिवशीही तो धरतो. संध्याकाळच्या मॅचला सूर्यास्त झाला की बेंचवर काहीतरी खाऊन पाणी पिऊन परत कोर्टवर. आणि रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) बघा त्याचे, सगळ्यांच्या वरून हात जातो.

सदाशिवपेठ_काकू | १५ मार्च २०२४

माझ्या सासूबाई निर्जळी एकादशी करायच्या आणि दिवसभर शेतावर असायच्या. आता त्या मुलाकडे वेगळ्याच नजरेने बघणार.

मॉरिसव्हिलकर | १६ मार्च २०२४, रात्री १ वाजता

झोप येणं शक्य नाही म्हणून सगळं लिहून ठेवतो, नंतर आठवणीत भर पडत जाते आणि मला हे जसंच्या तसं हवंय.

सेमीफायनल, व्हर्जिनिया. पाच सेकंद उरलेत, व्हर्जिनिया ५८-५५ पुढे, आणि फ्री थ्रो त्यांचा. वन अँड वन, म्हणजे पहिला घातला तरच दुसरा मिळतो. घातला असता तर संपलं होतं. मॅकनीली, त्यांचा चांगला नेमबाज, आणि त्याचा चुकला. चेंडू घेऊन मायकल ओ'कॉनेल पळाला, व्हर्जिनियाने फाऊल केला नाही, तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून त्याने टाकला तेव्हा भोंगा वाजायलाच आला होता, फळीवर आपटला, रिंगवर आला, आणि मी तुम्हाला सांगतो आमच्या घरात कुणी श्वास घेतला नाही, आत गेला. ५८-५८. ओव्हरटाईममध्ये आम्ही ७३-६५.

ओ'कॉनेल स्टॅनफर्डहून आलेला, शांत मुलगा, फार बोलत नाही, वर्षभर त्याच्याबद्दल या धाग्यात मीसुद्धा एक ओळ लिहिली नव्हती. त्याची भरपाई म्हणून आज पूर्ण परिच्छेद.

उद्या, म्हणजे आजच, फायनल. नॉर्थ कॅरोलायनाशी. आकाशीताई, तयार राहा. सकाळी सहाला निघतोय, रॉली ते वॉशिंग्टन साडेचार-पाच तास, दोन तिकिटं मिळाली आहेत, अगदी छताजवळची. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

आकाशी | १६ मार्च २०२४

तयार आहोत. गाडी नीट चालवा, झोप झालेली नाही तुमची. आणि मुलाला खिडकीकडची सीट द्या, ९५ नंबरच्या हायवेवर डेव्हिस, हॉर्न दोघांच्या जर्सीवाल्या गाड्या दिसतील.

मॉरिसव्हिलकर | १७ मार्च २०२४

८४-७६.

हॉर्नने २९ केले. ज्याला इथे लोक घरचं पोर म्हणतात त्याने चॅपल हिलसमोर २९ केले. पाचवा दिवस, पाचवी मॅच, मी वाट बघत होतो की आता पाय थकतील, आता थकतील, आणि हे शेवटच्या पाच मिनिटांत जास्त जोरात पळत होते. दहाव्या नंबरच्या टीमने एसीसी जिंकली असं याआधी कधीच झालेलं नाही. बर्न्स सर्वोत्तम खेळाडू. तो शिडीवर चढताना सगळं स्टेडियम हसत होतं आणि रडत होतं.

आमच्या रांगेत एक आजोबा होते, गोरे, सत्तरीपुढचे, १९८७ ला पण हजर होते म्हणाले. भोंगा वाजल्यावर त्यांनी माझ्या मुलाचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मुलगा मला नंतर गाडीत म्हणाला, बाबा, ड्यूकच्या मॅचला आपण निघून गेलो नाही ते बरं झालं ना. मी गाडी चालवत होतो, हो म्हटलं फक्त.

परत येताना पहाटे मुद्दाम हिल्सबरो स्ट्रीटवरून आलो. कॉलेजचा बेलटॉवर लाल दिव्यांनी उजळलेला होता.

बेकरीवाला | १७ मार्च २०२४

माझे शब्द मागे घेतो. या पाच दिवसांत कोचने जे करून घेतलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. कराराप्रमाणे एसीसी जिंकल्यामुळे त्यांची मुदतही आपोआप दोन वर्षांनी वाढली, मिळवून घेतली त्यांनी. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला अकरावं मानांकन (सीड), गुरुवारी पिट्सबर्गला टेक्सास टेकशी.

नागपुरी_संत्रं | २५ मार्च २०२४

टेक्सास टेक ८०-६७, ओकलंड ओव्हरटाईममध्ये ७९-७३. भाऊ, तुमच्या धाग्यामुळे मी नागपुरात रविवारी पहाटे उठून कॉलेजच्या पोरांची मॅच बघतोय. बर्न्सचं ते पाठ लावून आत शिरणं, आम्हाला कोच हेच शिकवायचे आणि आम्ही घाई करायचो.

एक गोष्ट मात्र खटकली. सगळे म्हणत होते यंदा एसीसी कमजोर, पाचच टीम घेतल्या, पिट्सबर्ग २२ जिंकूनही बाहेर. आणि आता शेवटच्या १६ मध्ये तुमच्या चार.

आकाशी | २५ मार्च २०२४

तेच मी सांगतेय सगळ्यांना. जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही एकमेकांना झोडतो म्हणून आकडे खराब दिसतात. बाहेरच्यांनी हिणवलं की मला क्लेमसनचाही पुळका येतो, एरवी कधी येत नाही.

मॉरिसव्हिलकर | १ एप्रिल २०२४

मार्केट (Marquette) युनिव्हर्सिटीला ६७-५८ ने हरवलं आणि काल डॅलसमध्ये ड्यूकला परत ७६-६४ ने. हाफटाईमला सहाने मागे होतो, २१-२७, काहीच पडत नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात ५५ केले. बर्न्स २९. ड्यूकच्या प्रत्येक मोठ्या पोराला एकेक करून त्याच्यासमोर पाठवलं, आणि तो प्रत्येकासमोर तोच डावा हात, घाई नाही.

फायनल फोर, म्हणजे देशातल्या शेवटच्या चारात. १९८३ नंतर पहिल्यांदा. ८३ ला कोच जिम व्हॅल्व्हानोची टीम, तीही अशीच, कॉन्फरन्स जिंकली नसती तर पुढे जाणं कठीण होतं, आणि मग फायनलला ह्यूस्टनच्या टीमला ५४-५२ ने हरवलं, आमच्या व्हिटनबर्गचा लांबचा शॉट कमी पडला आणि लॉरेन्झो चार्ल्सने हवेतच धरून आत घातला. व्हॅल्व्हानो कॅन्सरने १९९३ ला गेले. त्यांच्या नावाच्या फाऊंडेशनचं काम इथे जवळच चालतं, दर डिसेंबरात आमच्या ऑफिसातून वर्गणी जाते, लाल, निळे सगळे देतात.

आणि आपल्या मुलींची टीमपण फायनल फोरला आहे, हे कुणी विसरू नका. अझाया जेम्सची मॅच बघा. एकाच वर्षी दोन्ही टीम, हे फार थोड्या कॉलेजांना जमलंय.

सदाशिवपेठ_काकू | ७ एप्रिल २०२४

पहाटे साडेतीनला उठले होते. पर्ड्यूचा तो सात फूट चार इंची मुलगा इडी, त्याच्यापुढे आपला बर्न्सही लहान दिसत होता. ५०-६३. ओ'कॉनेल लंगडत बाहेर गेला तेव्हाच मला धस्स झालं. मुलींचीही साउथ कॅरोलायनाशी हार झाली.

मुलगा म्हणाला कोर्टवरून जाताना सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी त्याला म्हटलं आता झोप. तो म्हणाला, आई तूच झोप, तुझ्याकडे सकाळ झाली.

मॉरिसव्हिलकर | ९ मार्च २०२५

धागा वर काढतोय.

यंदा कॉन्फरन्समध्ये ५-१५. कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड आणि टेक्सासचं एसएमयू येऊन आता १८ टीम झाल्यात, त्यातल्या १५च टूर्नामेंटला जातात. आम्ही नाही. गेल्या वर्षीचे विजेते टूर्नामेंटलाच नाहीत. कीट्सना आज काढलं.

मला राग नाहीये. ५-१५ ला नोकरी जाते, ते मलाही कळतं. पण बातमी वाचल्यावर मी पहिलं काय केलं तर शेवटचं शिडीवरचं दृश्य परत लावून बघितलं. हा माणूस माझ्या मुलाला काहीतरी देऊन गेला, त्याची कुठे नोंद व्हावी म्हणून इथे लिहितोय. आणि खरं सांगू, मला जास्त टोचतंय ते अंतर. पूर्वी परगावच्या बऱ्याच मॅच म्हणजे डरहम, विन्स्टन-सेलम किंवा क्लेमसन. आता पोरं मध्यरात्री कॅलिफोर्नियाहून परत येतात आणि सकाळी वर्गात बसतात. ज्याला हात करायला कचऱ्याच्या डब्यापाशी शेजारी नाही, अशा टीमशी भाऊबंदकी कशी करायची, मला अजून जमलेलं नाही.

शेवटच्या घरच्या मॅचला गेलो होतो दोघं. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मुलगा आता अकराचा, या वेळी त्याने निघूया का असं विचारलं नाही.

सदाशिवपेठ_काकू | ९ मार्च २०२५

आम्ही मे महिन्यात पदवीदान समारंभाला रॉलीत येतोय, पहिल्यांदाच. तो बेलटॉवर साधाच असला तरी मला बघायचाय. तुमच्या मुलाला भेटता येईल का? त्याच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी आणते, अजून काही हवं असेल तर निःसंकोच सांगा.

आकाशी | १० मार्च २०२५

काकू, चॅपल हिलला पण या, अर्ध्या तासावर आहोत. दादांना आणि मुलाला घेऊनच या, जेवायलाच या. लाल शर्ट घालून आले तरी चालेल.